मजुरांच्या फाटकावर

माझ्यासारख्याने लिहायला बसावं हे धाडसच आहे. वाचणाऱ्यांनी आधी क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि पत्रांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

उन्हाळी सुटीत मी तारापूरला एका कारखान्याच्या आवारात, ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. चर खणणारी बारा माणसं माझ्या हाताखाली होती, सगळी डोंगराकडच्या एकाच पाड्यावरची. एका सकाळी त्यांचा म्हातारा म्होरक्या म्हणाला, "साहेब, राब भाजाय जायला पायजे." भाताचं बी पेरण्याआधी ते त्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तो राब. तो राहिला तर वर्षाचं भात गेलं.

मोठे साहेब, म्हणजे ठेकेदार, मुंबईला गेले होते. मी म्हणालो, "जा. सोमवारी भोंग्याआधी या. तुमचं काम राखून ठेवतो."

"शिकल्याला माणूस कागुद नाय देत, नुसता सबूद देतो. नवल हाय," मागून कोणी म्हणालं. सगळे हसले. म्हातारा तेवढा हसला नाही. "येतो," म्हणाला.

साहेब परतले. "कोणाला विचारून सोडलंस?"

"मीच सोडलं. काम राखून ठेवतो असा शब्द दिलाय."

"गेलेली टोळी परत येत नसते. तू शब्द दिलास म्हणून सोमवारपर्यंत थांबतो."

ते तीन दिवस मला जेवण गेलं नाही. डोंगराकडे धूर दिसतो का बघायचो. दिसत नव्हता. वारा मात्र सारखा सुटलेला. मी पालघरजवळच्या माहीमला, नारळीच्या वाडीत वाढलेला, राबाचं मला काय कळणार?

सोमवारी पहाटेपासून पुढच्या फाटकात उभा राहिलो. तिथून बोईसरचा रस्ता लांबवर दिसतो. भोंगा झाला. कोणी आलं नाही. दुपारी दुसरी टोळी लागली. साहेबांनी तिची नावं माझ्याकडूनच लिहून घेतली. पाड्यावरच्या माणसांनी फसवलं, असं मी पुढे कित्येक दिवस धरून चाललो.

दिवाळीच्या सुटीत पालघरच्या बाजारात कारखान्याचा पहारेकरी भेटला.

"त्या सोमवारी तुमचा म्हातारा आला होता की," तो सहज म्हणाला. "मागं माझ्याकडे, मजुरांच्या फाटकावर, भोंग्याच्या आधी. वारा पडेना म्हणून राब पेटवता आला नाही, दोन दिवस द्या, असं सांगायला. टोळी नाही तर एकट्याला आत कसा सोडू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पुढच्या फाटकात, तिकडून मजुरांना सोडत नाहीत. मी जागा सोडून येऊ कसा? दुपारपर्यंत बसून होता. नवी टोळी आत गेलेली बघितली, मग उठला."