दारातला डोळा
परवा लेकीच्या नव्या फ्लॅटच्या दाराशी ताज्या ऑइलपेंटचा वास आला आणि मला राहात्याची बालवाडी आठवली. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. नोकरीपायी आम्ही शिंगणापूर सोडून नुकतेच तिथे आलो होतो. शिंगणापुरात घरांना दारंच नाहीत, त्यामुळे आतून कडी लावणाऱ्या माणसावर आमचा मुळात विश्वास नाही. बालवाडीला मात्र नुकताच ऑइलपेंट दिलेलं हिरवं, जाडजूड दार होतं. बाई आमच्या तीन वर्षांच्या लेकीला आत ओढून घ्यायच्या आणि कडी घालायच्या. लेक टाहो फोडायची आणि थोड्या वेळानं एकदम चिडीचूप. रडण्यापेक्षा ते चिडीचूप मला जास्त खटकायचं. "बाई अफू चाटवत असंल," मी घरी म्हणालो, "उद्यापासून पाठवायचं न्हाई." बायको म्हणाली, "आदी बगून या. उगं पोरीची शाळा मोडू नका." म्हणून दुसऱ्या दिवशी निघून गेल्याचं सोंग करून मी मागं फिरलो आणि दाराच्या फटीला डोळा लावला. आत पोरं ओल्या मातीचे बैल करत होती आणि आमची लेक कोपरापर्यंत चिखलात रंगली होती. तेवढ्यात एक पोरगं म्हणालं, "बाई, दारात डोळा हाय." झालं, अख्ख्या बालवाडीनं भोकाड पसरलं, त्यात आमचीही. बाईंनी कडी काढून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "भाऊ, कडी कशाला घालते, कळलं का आता? पोरं रमत्यात, बापं रमत न्हाईत." तर परवा बेल दाबूनही कुणी दार उघडेना, म्हणून मी दारावरच्या भिंगाला बाहेरूनच डोळा लावला. आतून लेकीचा आवाज आला, "अण्णा, डोळा काढा, दिसतोय."