शेवटी कोण वाचलं?

नलूताई पुस्तक कुणालाही सरळ नेऊ देत नसत. कपाटापाशी उभं राहून आधी एक पान मोठ्याने वाचायचं, चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून, मगच पुस्तक पिशवीत. शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाल्यावर त्या देवासच्या आमच्या मराठी वाचनालयात येऊन बसल्या आणि हा नियम त्यांनी शेवटपर्यंत चालवला. चाळिशी उलटलेला मीही त्यातून सुटलो नाही. "चेष्टा म्हणजे प्रयत्न नव्हे रे, श्रीधर. तो अर्थ हिंदीतला. शब्द आपला की शेजारच्यांचा, एवढं तरी बघून बोल."

त्यांची एक लाडकी कादंबरी होती. मूळ परदेशी, फार जुनी, कुणीतरी मराठीत आणलेली. तिच्यातल्या नगरात सरकार चौकात फलक लावतं आणि लोक रांगेत येऊन उभे राहतात. तरुण पोरांनी निदान हे एक पुस्तक वाचावं, असा त्यांचा ध्यास होता.

"त्या नगरात कुणाला ओढून नेत नाहीत," त्या सांगत. "फलकाचा अर्थ लावायची सवय सुटते, मग माणसं आपल्या पायांनी जातात. म्हाताऱ्यांना हे सांगून काय उपयोग? आता रांगेत पोरंच उभी राहणार."

वाचनालयात तरुण म्हणून तोवर एकच उरली होती, माझी मुलगी सई. बारावीतली, शाळा हिंदी. तिने कपाटापाशी पान उघडलं, तर नेमकी फलकाचीच ओळ आली: 'प्रत्येकाला शिक्षा मिळेल. कोणीही वाचणार नाही.'

सई खुदकन हसली. "आजी, ये तो अपनं स्कूलच झालं! शिक्षा सबको, पढ़ेगा कोई नहीं!"

नलूताई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "अगं, शिक्षा म्हणजे सजा. आणि वाचणार नाही म्हणजे जिवंत सुटणार नाही. त्या लोकांनीही फलक तुझ्यासारखाच वाचला, बाई. टाळ्या वाजवल्या." या वेळी त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं नाही. पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

मी हिशेब केला: पानं दोनशे चाळीस, रोज चार वाचली तर दोन महिने. चार महिन्यांनी खूण अकराव्या पानावर होती. "पप्पा, मराठी पढ़ायला टाइम लागतो ना," सई म्हणाली. तेवढ्यात वाचनालयाची जागा गेली, पुस्तकं पोत्यांत भरून रद्दीत गेली आणि नलूताईंनी अंथरूण धरलं. भेटायला गेलं की एकच प्रश्न, "सईचं झालं का?"

अखेर सईच माझ्याबरोबर आली.

"हो आजी, झालं. मोबाइलवर पूरी समरी बघितली. एकदम बढ़िया स्टोरी आहे, आज के हिसाब से."

नलूताईंनी मोठ्या कष्टाने मान वळवली. "मग सांग, शेवटी कोण वाचलं?"

"मी! मीच वाचलं ना, आजी."

त्या कादंबरीत शेवटी कोणीही वाचत नाही. मी दाराशी उभा होतो. आता म्हणतील, पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्या म्हणाल्या नाहीत. सईचा हात थोपटला, "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. कुणाची एक चूक न सोडणाऱ्या बाईंनी ही सोडून दिली.

आठवड्याभरात त्या गेल्या. पुस्तक आमच्याकडेच आहे, परत करायला जागा उरलेली नाही. खूण अकराव्या पानावर आहे.