ओलं गोणपाट

आमच्या साडभाऊंइतका अंधाराचा अभ्यास साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणी केला नसेल. लोक दिवा लावतात आणि विसरून जातात. साडभाऊ दिवा लावत आणि तो केव्हा जातो याची वाट पाहत उभे राहत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांचा तंबूतला फिरता सिनेमा होता. मूर्तिजापूर, अंजनगाव अशी गावं करत करत हिवाळ्यात, कापूस बाजारात आला की ते दर्यापुरात यायचे आणि तंबू ठोकायचे माझ्या पडीक वावरात. वावर माझं, म्हणून दारावर तिकिटं फाडायला मीच. सिनेमाचा शौक मला कधी नव्हता. मी दुसरी पास. तिसरीत मास्तरशी पटलं नाही म्हणून मी शाळा सोडली, मास्तरनं मला काढलं नाही. पण आपल्या जमिनीवर कोण पाय ठेवतो हे पाहायला इयत्ता लागत नाही.

साडभाऊंच्या मते जगात बिघाड नावाची वस्तूच नव्हती. मशीन रुसतं, एवढंच ते मानत. आणि रुसव्यावर त्यांचा पहिला उपाय ठरलेला: बंद करा, दम खाऊ द्या, पुन्हा चालू करा. तंबूची वीज करणाऱ्या इंजिनाला हा उपाय लागू पडला तेव्हापासून त्यांनी तो सगळ्या सृष्टीला लावला. अकोल्याच्या रस्त्यावर एकदा गाडीचा बैल बसला. साडभाऊंनी त्याला सोडला, तोंड उलट दिशेला करून उभा केला, आपण बिडी ओढली आणि पुन्हा जुंपला. बैल चालला. बिडीपुरता आराम मिळाल्यावर कोणताही बैल चालतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "साडभाऊ, तुमाले बैल समजते, मशीन समजत नाई." त्यांच्या घरी जेवताना मला उचकी लागली तर त्यांनी मला ताटावरून उठवलं, चप्पल घालून अंगणाबाहेर पाठवलं आणि 'या, या, केव्हा आले?' म्हणून नव्यानं आत घेतलं. उचकी थांबली नाही. पण वरण गार झालं होतं, ते मेव्हणीनं गरम करून वाढलं, एवढा फायदा झाला.

आता मूळ गोष्ट. त्यांच्या मशीनमध्ये पट्टी फिरवणारी मोटर आणि चित्र पाडणारा दिवा, दोन्हींना इंजिनापासून एकच तार येत असे. सगळ्या फिरत्या सिनेमांची तशीच असते. साडभाऊंना ते पटेना. एका हिवाळ्यात त्यांनी दिव्यासाठी दुसरी, वेगळी तार टाकली. मी विचारलं, "भाऊ, तार एक असो का दोन, करंट तर तोच ना?"

"तुमी माह्या ताटातलं उष्टं खाता काय?"

"नाई."

"मंग दिव्यानं काहून खावं? मोटर आधी जेवते, उरलंसुरलं दिव्याले जाते. उष्ट्या करंटाचं चित्र पिवळंच येईन."

इंजिन तंबूच्या मागं, मशीन समोर. नवी तार तंबूच्या डाव्या अंगानं, खांबाखांबांवरून नेली. मध्येच ती अपुरी पडली, तेव्हा एका खांबावर दुसरा तुकडा जोडला आणि जोडावर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. ते डावं अंग म्हणजे बायांची बाजू. मध्ये कनात. खेळ चालू असताना कनातीपलीकडे पुरुषानं पाय टाकायचा नाही, मग तो फौजदार का असेना, हा साडभाऊंचा कायदा. त्याच भरवशावर आजूबाजूच्या खेड्यांतले लोक आपल्या सुना-लेकी बैलगाड्या भरभरून पाठवत. धंद्यातली त्यांची खरी पत ती होती आणि त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा, हे मीही कबूल करतो.

दुसरी तार टाकली आणि पडदा काळा पडू लागला. केव्हा पडेल याचा काही नेम नाही. एखाद्या दिवशी अख्खा खेळ लख्ख, एखाद्या दिवशी घटकेघटकेला अंधार. आणि अंधार कसला, तर नुसता चित्रापुरता. मोटर चालू, आवाज चालू, गोष्ट पुढं पळते आहे. अंधारात आई हंबरडा फोडून रडायची आणि उजेड आला की मांडवात लग्न लागलेलं असायचं. कोण मेलं, कोणाचं लग्न, कोणाला कळायचं नाही. लोक शिट्ट्या वाजवायचे, "लाइट, लाइट" ओरडायचे, पागोटी उडवायचे. थोड्या वेळानं चित्र आपसूक परत यायचं. दर्यापूरच्या पब्लिकनं त्या साली अर्धा सिनेमा कानांनी पाहिला. दोन शेजाऱ्यांमध्ये तर नायक शेवटी वाचला का मेला यावरून बोलणं बंद झालं. दोघेही त्याच खेळाला होते.

मग साडभाऊंच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्यांची रीत अशी, की उजेड परत येताना आपल्या हातून जे घडत असेल तोच उपाय. एकदा टोपी उलटी झाली आणि चित्र आलं. तेव्हापासून अंधार पडला की टोपी उलटी. एकदा डाव्या पायातला जोडा चिखलात राहिला आणि चित्र आलं; तेव्हापासून डावा पाय अनवाणी. एकदा इंजिनाजवळ पाण्यानं भिजलेलं गोणपाट पडलं होतं, त्यावर त्यांचा पाय पडला आणि चित्र आलं. त्यावर तर त्यांनी शास्त्रच बसवलं: इंजिनाची गरमी गोणपाटातून जमिनीत उतरते. कोणताही उपाय मागे घ्यायचा नाही, नवा मिळाला की जुन्यात जोडायचा. महिनाभरात हा गृहस्थ अंधार पडताच उलटी टोपी, एक पाय उघडा, गोणपाटावर उभा, एक हात इंजिनाच्या टाकीवर आणि तोंडात न पेटवलेली बिडी, अशा अवतारात दिसू लागला. बाहेरगावचे लोक त्यांना नमस्कार करून जायचे.

उपाय झाले, मग संशय. चष्मेवाल्या पोस्टमास्तरांना त्यांनी खुर्चीवरून उठवून मागं बसवलं, कारण "चष्म्यावरून उजेड वापस फिरून राहिला." अमरावतीहून एक नामांकित मिस्त्री आणवला. तो भर दुपारी आला, रिकाम्या तंबूत दिवा लावून बसला. दिवा चार घटका हलला नाही. मिस्त्रीनं भाकर खाल्ली, चहा घेतला आणि म्हणाला, "माह्यासमोर तर बराबर चालते." साऱ्या मिस्त्र्यांचा हा मंत्र त्यांच्या जन्मघुटीतच मिसळलेला असावा. माझं मत विचाराल तर पहिल्यापासून उंदीर. उंदीर तार कुरतडतो, हे मी तेव्हा सांगितलं आणि आजही सांगतो. त्या तंबूत उंदीर होते.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण साडभाऊंच्या घरी लग्नाची पोरगी होती. सुमन. शांत, कामसू, चार बुकं शिकलेली. पण पाहायला आलेले सोयरे 'तंबूवाल्याची पोरगी' म्हणून पोहे खाऊन निघून जात. शेवटी अकोल्याचं एक स्थळ आलं. मुलाचे वडील जिनिंगमध्ये कारकून. पोरगी त्यांना पसंत पडली, तरी तंबूच्या धंद्याचा प्रश्न तोंडावर तसाच. म्हणाले, "तुमचा धंदाही पाहून घेतो एकदा. मानसाचं घर त्याच्या कामावरून समजते." साडभाऊंचा चेहरा उतरला. ते बाहेर येऊन मला म्हणाले, "आज पडदा काळा पडला ना साडभाऊ, तर माह्या पोरीच्या कपाळी पडला समजा."

त्या संध्याकाळी साडभाऊंनी अंधाराची वाटच पाहिली नाही. खेळ सुरू होण्याआधीच टोपी उलटी करून ते गोणपाटावर जाऊन उभे राहिले. कारकूनसाहेब कोट घालून पुढच्या खुर्चीवर. त्यांची बायको आपल्या लेकीचं तान्हं घेऊन बायांच्या बाजूला, माझ्या बायकोशेजारी, आणि सुमन पाण्याचा तांब्या घेऊन मागं. पहिलं रीळ निर्विघ्न गेलं. दुसऱ्यात चित्र गेलं. मग आलं. मग पुन्हा गेलं. शिट्ट्या सुरू झाल्या. कारकूनसाहेब अंधारात उभे राहिले आणि कनातीकडे तोंड करून म्हणाले, "अवो, उठा. ज्या मानसाले आपला दिवा सांभाळता येत नाई, तो सोयरीक काय सांभाळते? आखरी गाडी गाठू."

कनातीपलीकडे काय चाललं होतं, ते मला बायकोनं मागून सांगितलं. तान्हं किरकिर करत होतं, म्हणून अकोल्याच्या बाईनं बरोबर आणलेल्या जुन्या लुगड्याची झोळी केली आणि दोन खांबांना बांधली. झोळीची दोरी ओढली की खांब हलायचा, धोतराच्या चिंधीखालचा जोड सुटायचा आणि पडदा काळा. शिट्ट्यांनी पोर जागं झालं, बाईनं उचललं, झोळी थांबली की जोड बसायचा आणि चित्र हजर. बाई हुशार. तिनं एकदा ओढलं, थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबली. मग माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, "बाई, हा सिनेमा तर माह्याच हातात आहे."

"त्या खांबाचं तसंच आहे," माझी बायको म्हणाली. "झोळी बांधली का अंधार पडते. आमाले सगळ्याइले मालूम आहे."

"मंग मानसाइले काहून नाई सांगितलं?"

"इचारलं कोनी?"

बाई पदर तोंडात घालून हसली. तेवढ्यात नवऱ्याची हाक आली. हातातली दोरी न सोडता तिनं उठून कनात जरा बाजूला केली तर तंबूच्या मागच्या फटीतून, इंजिनाजवळच्या कंदिलाच्या उजेडात, साडभाऊ दिसले. थंडीचे दिवस, पाय ओल्या गोणपाटावर, टाकीवर हात, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत. तिनं सुमनला विचारलं, "हे काय करून राहिले तुये बाबा?"

सुमन म्हणाली, "माह्यासाठी उभे आहेत."

बाईनं झोळी सोडली. नातू मांडीवर घेतला. पडदा उजळला. आणि कनातीपलीकडून ती नवऱ्याला म्हणाली, "बसा तिथंच. पोरगं झोपलं आहे, उठवू नका. ज्या घरी बाप पोरीपायी एवढा येडा होते, त्या घरची पोरगी मले पाहिजे." कारकूनसाहेब बसले. जिनिंगमध्ये त्यांचं वजन होतं, घरी बाईचं.

मी धावत मागं गेलो. म्हटलं, "भाऊ, जमलं. सुपारी फोडायची म्हनतात. चला."

डोळे न उघडता साडभाऊ म्हणाले, "हलवू नका मले. अजून दोन रीळ बाकी आहेत."

स्वतःच्या पोरीची सुपारी फुटली तेव्हा हा माणूस इंजिनामागं एका पायानं गारठत उभा होता. खेळ संपल्यावर आत आला तो सगळ्यांना गोणपाटाचं शास्त्र समजावत. व्याही मान डोलावत होते. विहीणबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "खरं आहे, भाऊ. मी तर समोरच पाहिलं."

त्यानंतर दर्यापूरच्या बायांनी त्या खांबाला झोळी कधी बांधली नाही. कोणी ठराव केला नाही, बैठक बसली नाही, आलेल्या नव्या बाईला जुनी नुसती सांगायची, "तिथं नको, इकडं बांध." दर्यापुरात पडदा पुन्हा काळा पडला नाही. आणि साडभाऊ, तंबू विकेपर्यंत, प्रत्येक खेळाला पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत ओल्या गोणपाटावर उभे राहिले. पायांना भेगा पडल्या, गुडघे धरले. माझ्याच्यानं पाहवेना. एकदा मी बायकोला म्हटलं, आता सांगूनच टाकतो. ती म्हणाली, "तुमचा उंदीर निघाला नाई, म्हनून त्याइचं गोनपाट काढता काय?" मी आयुष्यात कोणाचं ऐकून गप्प बसलेला माणूस नाही. तेव्हा बसलो.

म्हातारपणी साडभाऊ अकोल्याला सुमनकडेच राहायला गेले. डोळ्यांचं तेज गेलं होतं. उजेड-अंधार एवढंही पुरतं कळेना. मी भेटायला गेलो होतो त्या संध्याकाळी गल्लीतली पोरं एकदम ओरडली. त्यांनी मान वर केली. "लाइट गेली काय, सुमन?"

"हो बाबा. उभी राहतो मी."

सासूनं तिला लग्नाच्या वर्षीच सगळं सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी ती मागच्या दारी गेली, बादलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं आणि चप्पल काढून त्यावर उभी राहिली. साडभाऊंनी हातानं चाचपून आपली टोपी उलटी केली.

"आली काय वो?" त्यांनी विचारलं.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. घरात अंधारच होता.

"आली, बाबा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "लख्ख आली, भाऊ."