एकशे तेरावा डिटेक्टर

वाळूजच्या गोदामात एकशे बारा स्मोक डिटेक्टर होते आणि ते सांभाळणारे कारभारी सोनवणे त्या सगळ्यांना मास्तर पोरांना ओळखतात तसे ओळखत. सत्तेचाळीस नंबर धुळीनं कुरकुरतो, ऐंशी पावसाळ्यात उगाच बोंबलतो. खंडेनवमीच्या पूजेला धूप पेटायच्या आधी कारभारीकाका शिडी लावून, धुरानं वाजू नये म्हणून प्रत्येकावर लाल टोपी चढवत, आणि आरती झाली की एकशे बारा टोप्या काढून मोजल्याशिवाय प्रसादाला हात लावत नसत. एवढा काटेकोर माणूस, पण बजाजनगरच्या खोलीवर परतला की बोलायला भिंतीच. बायकोला, द्वारकाबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती.

मुलगा शिवराज जर्मनीत, तोही गोदामातच कामाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." झालं, फोन बंद. माया होती हो, पण ती बोलून दाखवायची सवय त्या घराण्यात कुणालाच नव्हती. एकदा काकांनी सहज विचारलं, "काय रे, तुमच्याकडं डिटेक्टर किती फुटावर लावतेत?"

शिवराजची कळी खुलली. आमच्या इथं नुसते छताला लावून भागत नाही, उंच मांडण्यांच्या मधेही लावावे लागतात, म्हणाला. "आमचा साहेब छताला लावतो तेच लई झालं," काका म्हणाले आणि दोघं चक्क हसले. मग काय, काका आठवडाभर प्रश्न जमवून ठेवू लागले. इकडचा नियम, तिकडचा नियम, असं करत बापलेकाचं वर्ष बरं गेलं.

एका रविवारी शिवराज म्हणाला, "आबा, इथं घरातसुद्धा लागतो. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक. कायदाच आहे."

"घरात कशापायी?"

"माणूस झोपेत असतो ना. कळायला पाहिजे."

महिन्याभरानं त्यानं सुट्टीवर येणाऱ्या मित्राच्या हाती एक डिटेक्टर पाठवला. आता काकांची पंचाईत. झोपायची खोली तीच, स्वयंपाकाचीही तीच. खाटेपासून चार फुटांवर शेगडी. गोदामात असं कुणी लावलं असतं तर काकांनी त्याला शिडीवरूनच झापलं असतं. पण पोरानं एवढ्या लांबून पाठवलेला. काकांनी तो खाटेच्या वर ठोकला.

सकाळी मिरचीची फोडणी पडली आणि खोलीत किंकाळी फुटली. शेजारची करुणा ओल्या हातांनी धावत आली, तिच्यामागं वरचा प्रणय, अर्ध्या गालाला साबण. "काका, काय पेटलं?" काही नाही म्हटल्यावर सगळे हसले, चहा झाला. तीन वर्षांत त्या खोलीत इतकी माणसं आली नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवशी काकांनी मिरची मुद्दाम जास्त घातली. हसू नका, एकटं राहून बघा. त्या दिवशी करुणा एकटीच आली, तीही दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं भिंतीपलीकडून विचारलं, "काका, फोडणी ना?"

"व्हय."

चौथ्या दिवशी कुणी विचारलंही नाही. धूर विरेपर्यंत डिटेक्टर ओरडत राहिला आणि काका उलथनं धरून दाराकडे बघत उभे राहिले. विनाकारण वाजणाऱ्याकडं पुढं कुणी धावत नाही, हे ते स्वतःच गोदामात नव्या माणसांना शिकवत. संध्याकाळी त्यांनी गोदामातली एक लाल टोपी आणली. ती बसेना, तेव्हा दोऱ्यानं बांधली.

रविवारी शिवराजनं विचारलं, "आबा, वाजतो का?"

"वाजतो की. वाजला की अख्खी गल्ली धावत येते बघ. तू काळजी करू नको." टोपीकडं न बघता काकांनी नेहमीसारखा आपला प्रश्न पुढं केला. "तुमच्याकडं रे? वाजला तर कोण येतं?"



"मी एकटाच राहतो, आबा," शिवराज म्हणाला.