सुटलेला पाना

हिरालालचा जन्म गेला लोखंड वर चढवण्यात. बाप भंडाऱ्याकडून भिलाईत आला तो पोलादाच्या प्लांटात लागला. हिरालालच्या वाट्याला मात्र हथखोजच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालची मजुरी आली. उंच शेडवर चढायचं आणि तुळयांचे नटबोल्ट आवळायचे. वर चढणाऱ्यानं पाना दोरीनं कमरेला बांधायचा, हातून सुटला तरी खाली जाऊ नये म्हणून.

पण यंदा मेली बोटंच ऐकेनात. साधी गाठ बसेना. मग रोज सकाळी कॅम्प-१ वस्तीतल्या घरी मैनाबाई, त्याची बायको, त्याच्या कमरेला पाना बांधून द्यायची. बाहेर कळलं तर वर चढणं बंद, आणि या वयात खाली कोण काम देतो? दोघंही गप्प होती.

त्या दिवशी एका अडचणीच्या जागी हात पोचेना, म्हणून त्यानं दोरी सोडली. परत बांधता आली नाही. पाना निसटला तो थेट खाली. माल वाहणाऱ्या रेणूनं डोक्यावरचं घमेलं नुकतंच उतरवून ठेवलं होतं. पाना त्याच्या बुडातून आरपार गेला. वर सोबतीला नरेश होता, नवा गडी. त्यानं आपला पाना घडीभर तुळईवर ठेवून पाठ फिरवली होती. हिरालालनं तो उचलला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. विचार करायलासुद्धा थांबला नाही, बघा.

सुपरवायझर राजदीपनं दोघांना खाली उतरवलं. नरेशची दोरी रिकामी निघाली. उद्यापासून येऊ नको, असं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं. नरेश आपल्या रिकाम्या दोरीकडे बघत राहिला. हिरालाल कमरेचा पाना तसाच ठेवून परत वर चढला.

संध्याकाळी घरी आला तो अंग आंबून. ताटावर बसला. मनाची समजूत घालत होता, घमेलं गंजकं होतं म्हणून फुटलं, लहानसा तर पाना, लागला असता तर टेंगूळ आलं असतं रेणूला. पलीकडे त्याची मुलगी समीक्षा विज्ञानाचा धडा मोठ्यानं वाचत होती. वस्तू भारी असो की हलकी, धरती दोघींचा वेग सारखाच वाढवत नेते. जितकी उंची जास्त, तितका खाली पोचताना वेग जास्त.

"लहान पान्याचंबी तसंच का वं?" त्यानं विचारलं.

"सेम, बाबा. तुमच्या शेडवरून पडला तर डोकं फुटंल. कावून?"

तो ताटावरून उठला. मैनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. सांगून टाका, एवढंच म्हणाली. लपवून लपवून ती पण थकली होती.

सकाळी त्यानं राजदीपसमोर दोन्ही हात पुढे केले. मूठ मिटत नव्हती. पाना माझा होता, नरेशचा मी उचलला, असं सांगून मोकळा झाला. राजदीप चिडलासुद्धा नाही. हिरालालचा वर चढायचा सेफ्टी बेल्ट काढून घेतला आणि नरेशला फोन लावला.

नरेश आला. हिरालाल म्हणाला, शिव्या घाल बापा, मार. नरेश नुसता जवळ बसला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"काका," तो म्हणाला, "रातभर मी हेच समजून राहिलो होतो का तुळईवर ठेवलेला माहाच पाना सुटला."