पडेल पिक्चरमधलं मशीन मधेच मराठीत बोललं

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या ग्रुपवरचे असले अनुभव आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचायचो, आणि खोटं कशाला बोलू, निम्म्यांवर हसायचो. त्यामुळं हे टाइप करताना मलाच कसंतरी होतंय...

मूळचा साताऱ्याचा, पण कॉलेजसाठी सांगलीजवळ हरिपूरला मामाकडं राहतो. मामाचा हळदीचा धंदा. आता बहुतेकांची हळद कोल्ड स्टोरेजला असते, पण मामाचं एक पेव अजून चालू आहे — पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढंच. बंद राहिलं की आत विषारी हवा साठते. म्हणून ते उघडून ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. उतरला तो गेलाच.

एका रविवारी दुपारी मी आणि माझा दोस्त ओंकार सांगलीत एक एआयवरचा पिक्चर बघायला गेलो. हिंदी डबिंग. ट्रेलर लय भारी होता, पण पिक्चर... निळ्या खोलीत एक मशीन बसलंय आणि माणूस म्हणजे काय यावर प्रवचन देतंय. बास.

"गड्या, ह्याच्यापेक्षा आपलं सर बरं," ओंकार म्हणाला.

इंटर्व्हलनंतर परत तेच मशीन, तोच सपाट आवाज. हिंदीत चाललेलं आणि मधेच —

"आदी कंदील सोड. मग उतर."

मराठीत. आमच्याकडच्या मराठीत.

"ऐकलंस?"

"काय?"

"मराठीत बोललं ते."

"झोप झाली वाटतं तुझी."

मी झोपलो नव्हतो, तोंडात पॉपकॉर्न होतं. आणि आज पेवात उतरणार असं मामा सकाळीच म्हणाला होता. बाहेर येऊन मामाला फोन लावला, उचलेना. मग मामीला.

"मामी, मामानं कंदील सोडला का?"

"काल सांजंपासनं उघडं हाय पेव. कंदील कशाला पायजे म्हणत्यात." मग एकदम आठवल्यागत म्हणाली, "...आरं, रात्री मी पत्रा झाकलेला त्याच्यावर. कुत्रं पडंल म्हणून. ह्यास्नी बोललेच न्हाई. आत्ता कवातरी काढला गड्यांनी."

फोन तसाच चालू ठेवून ती पळाली. मला नुसता आवाज येत होता — "आवं थांबा, उतरू नगा..."

मामी पोचली तेव्हा मामाचा एक पाय आत होता.

नंतर कंदील सोडला. बारा-पंधरा फुटांवर विझला. परत पेटवून सोडला, परत तिथंच विझला.

तो पिक्चर मी दोनदा परत बघितला, त्याच थिएटरला. त्या जागी मशीन हिंदीतच बोलतंय, कुठं तुटत नाही, काही नाही. तिसऱ्यांदा मामालाच घेऊन गेलो. तो सीन आल्यावर म्हणालो, "मामा, हेच ते."

मामानं चपला काढल्या, उभा राहिला आणि पडद्याला हात जोडले.

"काका, खाली बसा की," मागनं कुणीतरी म्हणालं. सीन संपेपर्यंत मामा बसला नाही.

येताना गाडीवर मागं बसून त्यानं एवढंच विचारलं, "त्याला कुणी सांगितलं रं?"