एका कानाचा डीजे

साठी उलटली तरी लोक मला डीजे म्हणतात आणि मीही निर्लज्जासारखा वळून बघतो. पस्तीस वर्षं सोलफुल हाऊस नावाचं नाचायचं परदेशी संगीत वाजवतोय. एकसारखा ठेका, भरल्या गळ्याचं गाणं. नाव काही मोठं झालं नाही. पोट मात्र झालं.

लेक कान तपासायचं काम करते. घरचंच गिऱ्हाईक म्हणून तिने मलाही तपासलं. उजवा कान कामातून गेलेला, डावा त्याच वाटेवर.

"बाबा, रविवारी वाजव. मी येते. गाण्याला गाण्याचा एक जरी जोड चुकला, तर कायमचं बंद. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. मिजास कुठे जाते!

रविवारी दुपारी माझ्या शिंपी मित्राच्या दुकानात मशिनं भिंतीला सरकवून तीसेक माणसं जमली. सगळी माझ्याच वयाची, नाचता नाचता गुडघा धरणारी. जुनं गाणं संपायच्या आत नवं त्याच ठेक्यात मिसळायचं, एवढीच काय ती आमची विद्या. चार जोड झकास जमले. पाचवा मी डोळे मिटून केला आणि स्वतःवरच खूश होऊन मान डोलवत डोळे उघडले. समोर लेकीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा! दोन ठेके एकमेकांच्या पायात पाय घालत होते आणि मी आपला डोलतोय.

मी तबकड्या थांबवल्या, हेडफोन काढला.

"अरे, बंद का केलंस?" शिंपी ओरडला. "आत्ता कुठे गुडघे सुटले होते!"

"जोड चुकला."

"कधी?" त्याने सगळ्यांकडे बघितलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मी यांच्या टाळ्यांवर फुगत होतो! बहिरा वाजवतोय, बहिरे नाचतायत.

हसू आलं आणि मग रडूच यायला लागलं. हे गेलं तर मी उरतो कुठे? पण शब्द म्हणजे शब्द. तबकड्या पेटीत भरायला घेतल्या.

लेक टेबलाशी आली आणि हेडफोन तिने स्वतःच्या कानाला लावला. "पुढची लाव. कधी सोडायची ते मी सांगते."

"अगं, पण आपलं ठरलं होतं..."

"बाबा, गप लाव."

उभ्या जन्मात मी त्या टेबलाशी कुणाला फिरकू दिलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. तबकडी लावली, बोटाने धरून ठेवली. तिने हात वर केला. मी थांबलो. हात खाली आला तशी सोडली.

जुळलं की नाही, देवाशप्पथ, मला कळलं नाही. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना. मान खाली घातली, तर तिचे पाय नाचत होते.